दुसऱ्या टोकाला उभं राहताना

२ एप्रिल २०११ च्या रात्री विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वानखेडे स्टेडियमवर धोनीने मारलेला षटकार कुठे बसून पाहिला, हे जळगावातला किंवा धुळ्यातला कुणीही क्रिकेटवेडा आजही सांगेल. चेंडू प्रेक्षकांत पडला, गल्लीबोळांत फटाके सुरू झाले, एप्रिलच्या उकाड्यात माणसं रस्त्यावर आली. त्या क्षणी दुसऱ्या टोकाला युवराज सिंग उभा होता, २१ धावांवर नाबाद. त्या स्पर्धेत त्याने ३६२ धावा काढल्या होत्या, १५ बळी घेतले होते आणि मालिकावीराचा मान मिळवला होता. त्याच स्पर्धेत तो खोकत होता, त्याला धाप लागत होती. चेन्नईला वेस्ट इंडिजविरुद्ध ११३ धावा करताना मैदानावरच त्याला उलटी झाली. ते आपण टीव्हीवर पाहिलं आणि उन्हाचा त्रास असेल म्हणून सोडून दिलं.

दहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१२ च्या पहिल्या आठवड्यात, बातमी आली. युवराजच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, कर्करोगाची गाठ आहे आणि अमेरिकेत केमोथेरपी सुरू झाली आहे. तो तेव्हा ३० वर्षांचा होता. कर्करोग म्हातारपणी होतो, तंबाखू खाणाऱ्याला होतो, आपल्यापैकी कुणाला तरी होतो, अशी जी समजूत होती तिला त्या दिवशी तडा गेला. आपल्याकडे ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ असं सहज बोललं जातं. ज्याने सहा चेंडूंत सहा षटकार मारले, त्याच्या बाबतीत ते वाक्य तोंडातून बाहेर पडेना.

तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला आहे. आपला लाडका तरुण खेळाडू असा आजारी पडला, तर चाहत्याने करायचं काय? काळजी तर वाटतेच, पण त्या काळजीचा त्याला काही उपयोग होतो का? आणि दुसरा, त्याहून जवळचा प्रश्न असा की हे टीव्हीवरच्या युवराजऐवजी चाळीसगाव किंवा शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या कबड्डीपटूच्या बाबतीत घडलं, तर आपण तेवढेच हळवे होतो का? जगभरातल्या आणि आपल्या अनुभवांकडे नीट पाहिलं तर या प्रश्नांची बरीचशी उत्तरं सापडतात.

तो आपला कोण लागतो?

बातमी ऐकून रडू आलं, झोप लागली नाही, कामात लक्ष लागेना, असं सांगायची चाहत्यांना लाज वाटते. ‘तो तुझा कोण लागतो?’ असं कुणी विचारलं तर उत्तर नसतं. पण या नात्याचा अभ्यास जुना आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं की पडद्यावर रोज दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण खरंखुरं जवळिकीचं नातं तयार होतं. तो आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखतो. त्याची चालण्याची ढब, चिडणं, हसणं आपल्याला पाठ असतं. त्यामुळे त्याच्या आजाराने होणारं दुःख खोटं नसतं आणि ते लपवायचंही कारण नाही.

खेळाडूच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. त्याचं शरीर हेच आपल्या कौतुकाचं कारण असतं. सायगाव बगळीच्या विजय चौधरीने सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा चाळीसगाव तालुक्यातल्या पोरांना अभिमान वाटला तो त्या मातीतल्या, त्या ताकदीच्या देहाचा. ज्या देहाकडे पाहून आपण निर्धास्त होतो, तोच आतून पोखरला जातोय हे कळतं तेव्हा स्वतःच्या मरणाची जाणीव पहिल्यांदा होते. विशीतल्या चाहत्याला तर ती फार जोरात होते, कारण खेळाडू त्याच्याच वयाचा असतो. म्हणून पहिली प्रतिक्रिया बहुधा नाकारण्याची असते. ‘रिपोर्ट चुकला असेल.’ युवराजच्या बाबतीत सुरुवातीला गाठ साधी आहे असं सांगितलं गेलं होतं, त्यामुळे ही आशा आणखी चिवट झाली.

नंतर येतो नवस. संकट आलं की खान्देशातली पावलं धुळ्याच्या एकवीरेकडे, यावलच्या मनुदेवीकडे, पद्मालयाच्या गणपतीकडे वळतात. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला हात जोडण्यासाठी तरी जागा हवी असते. पण नवसापाशी थांबलं तर ते दुःख आपल्यापुरतंच राहतं. काही ठिकाणी चाहते त्याच्या पुढे गेले, आणि शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे.

टाळ्या, धाव आणि रक्ताची नोंद

मार्च २०१२ मध्ये, युवराजची केमोथेरपी चालू असतानाच, इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन व्हिला या फुटबॉल क्लबच्या बल्गेरियन कर्णधार स्टिलियान पेत्रोव्हला रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं. त्याच्या जर्सीचा क्रमांक १९. व्हिलाच्या चाहत्यांनी ठरवलं की प्रत्येक सामन्यात १९ व्या मिनिटाला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. संघ हरत असो की जिंकत असो, ते मिनिट पेत्रोव्हचं. कित्येकदा समोरच्या संघाचे चाहतेही सामील झाले आणि हे पुढच्या मोसमातही चालू राहिलं. यातली ताकद टाळ्यांच्या आवाजात नव्हती, ती सातत्यात होती. पहिल्या आठवड्यात सगळेच टाळ्या वाजवतात, पण हे लोक थांबले नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०११ मध्ये, बार्सिलोनाच्या एरिक अबिदालच्या यकृतात गाठ सापडली. कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदचे खेळाडू त्याला धीर देणारे शर्ट घालून मैदानात उतरले. २८ मे २०११ ला वेम्बलीवर बार्सिलोनाने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा कर्णधार पुयोलने चषक उचलण्याचा मान अबिदालला दिला. जिंकण्या-हरण्याचं वैर अशा वेळी बाजूला ठेवता येतं, हे त्या रात्री सगळ्या जगाने पाहिलं.

कॅनडाच्या टेरी फॉक्सची गोष्ट त्याहून जुनी आणि थोर आहे. बास्केटबॉल खेळणारा हा पोरगा. १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १२ एप्रिल १९८० ला त्याने कृत्रिम पायावर देश ओलांडायला सुरुवात केली, रोज साधारण एका मॅरेथॉनइतकं अंतर. सुरुवातीला रस्त्याच्या कडेला फारसं कुणी नव्हतं. हळूहळू गावंच्या गावं बाहेर आली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पोचल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मिळावा ही त्याची इच्छा होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले, म्हणजे त्यावेळच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतके. जून १९८१ मध्ये २२ व्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाची दौड मात्र आजही दरवर्षी होते आणि त्यातून संशोधनासाठी पैसा उभा राहतो.

जपानची रिकाको इके ही जलतरणपटू २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सहा सुवर्णपदकं जिंकून आली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये, १८ व्या वर्षी, तिने स्वतःच जाहीर केलं की तिला रक्ताचा कर्करोग झाला आहे. त्यानंतर जपानमध्ये अस्थिमज्जादानासाठी नाव नोंदवायला लोकांची रीघ लागली. चाहत्यांची नोंदणी इकेच्याच उपयोगी पडेल असं नव्हतं, पण कुणाच्या तरी नक्कीच पडणार होती. माझ्या मते चाहत्याच्या प्रेमाचं हे सर्वांत प्रगल्भ रूप. एका माणसासाठी वाटलेली कळकळ अनोळखी माणसाच्या कामी येते.

प्रसिद्ध माणसाच्या आजाराने लोक जागे होतात, याला आकड्यांचाही आधार आहे. २००५ मध्ये गायिका कायली मिनोगला स्तनांचा कर्करोग झाल्याचं कळल्यावर ऑस्ट्रेलियात मॅमोग्राफीच्या नोंदण्या त्या दोन आठवड्यांत ४० टक्क्यांनी वाढल्या. ही जाग टिकणारी नसते, काही आठवड्यांत ओसरते. ती ओसरण्याआधी तिला कामाला लावणं महत्त्वाचं.

पुनरागमनाचं ओझं

युवराज एप्रिल २०१२ मध्ये मायदेशी परतला. त्याच्या आजाराच्या काळात अनिल कुंबळे त्याला भेटायला अमेरिकेत इंडियानापोलिसपर्यंत गेला होता. आदल्या वर्षी पुणे वॉरियर्सचं नेतृत्व करणारा युवराज २०१२ च्या आयपीएलमध्ये नव्हता आणि गहुंजेच्या नव्या मैदानावर त्याची जागा रिकामी जाणवत होती. ११ सप्टेंबर २०१२ ला चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध तो पुन्हा भारताकडून खेळला, २६ चेंडूंत ३४ धावा. भारत एका धावेने हरला, पण त्या दिवशी कुणी त्याबद्दल हळहळलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण ६ एप्रिल २०१४ ला ढाक्यात ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात युवराजने २१ चेंडूंत ११ धावा केल्या, श्रीलंका जिंकली आणि त्याच्या चंदीगडच्या घरावर दगड पडल्याच्या बातम्या आल्या. दोनच वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी देश देव पाण्यात ठेवून बसला होता, त्याच्यावर. ही गोष्ट आपण चाहत्यांनी विसरू नये. आपल्या प्रेमाला एक अट चिकटलेली असते. ‘तू बरा हो’ या वाक्यात ‘आणि पुन्हा आम्हाला जिंकून दे’ हे न बोललेलं वाक्य दडलेलं असतं. १९ जानेवारी २०१७ ला कटकला इंग्लंडविरुद्ध युवराजने १५० धावा केल्या. एकदिवसीय कारकिर्दीतली त्याची ती सर्वोच्च खेळी ठरली. पण ती खेळी झाली नसती तरी त्याच्या बरं होण्याची किंमत कणभरही कमी झाली नसती.

हे ओझं इकेनेही सोसलं. उपचारांनंतर ती पुन्हा पाण्यात उतरली, एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत १०० मीटर बटरफ्लाय जिंकली आणि टोकियो ऑलिम्पिकच्या रिले संघात आली. करोनाच्या त्या काळात ऑलिम्पिकला विरोध करणाऱ्या अनेकांनी तिलाच संदेश पाठवले, तू माघार घे, तू आवाज उठव. एकेका खेळाडूवर असा दबाव आणणं वेदनादायक आहे, हे तिला जाहीरपणे सांगावं लागलं. आजारातून उठलेल्या माणसाला आपण आदर्शाच्या चौथऱ्यावर बसवतो आणि मग त्याने प्रत्येक प्रश्नावर आपल्या मनासारखंच वागावं अशी अपेक्षा धरतो.

चौथऱ्याचा धोका लान्स आर्मस्ट्राँगच्या बाबतीत सर्वांत उघड झाला. १९९६ मध्ये २५ व्या वर्षी वृषणाचा कर्करोग झाला, तो फुप्फुसांत आणि मेंदूत पसरला होता. तो बरा झाला आणि सलग सात वेळा तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला. त्याच्या संस्थेचे पिवळे रबरी पट्टे कोट्यवधी लोकांनी मनगटात घातले, कित्येक रुग्णांनी ते घालून केमोथेरपी घेतली. २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. पट्टा घातलेल्या रुग्णांना काय वाटलं असेल? पण त्याच्या विजयात खोट होती म्हणून त्याच्या बरं होण्यात खोट नव्हती. त्याला बरं केलं होतं उपचारांनी. आशा माणसावर बांधली की ती माणसाबरोबर कोसळते. ती उपचारांवर बांधावी.

आणि त्या उपचारांची गोष्ट कुठल्याही खेळाडूच्या गोष्टीइतकीच थरारक आहे. इंडियाना विद्यापीठाच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिस्प्लाटिन या औषधाचा दुसऱ्या दोन औषधांशी मेळ घालून पसरलेल्या वृषण-कर्करोगावर उपचार केले. त्याआधी अशा दहा रुग्णांतला जेमतेम एक वाचत असे, आज बहुसंख्य वाचतात. आर्मस्ट्राँग आणि युवराज दोघंही त्याच विद्यापीठाच्या केंद्रात बरे झाले. युवराजच्या छातीतली गाठ याच जातकुळीतली, जर्म सेल ट्यूमर होती.

जे परतले नाहीत

डिंको सिंग मणिपूरचा. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याने बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकलं आणि त्याला पाहून मेरी कोमसारख्या मुलींनी हातमोजे चढवले. पुढे तिशीतच त्याला यकृताच्या कर्करोगाने गाठलं. २०२० च्या टाळेबंदीत उपचारांसाठी त्याला विमानाने दिल्लीला नेलं, पण परतीचा सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास रुग्णवाहिकेतून रस्त्याने झाला. इंफाळला पोचल्यावर करोनाचीही लागण झाली. त्यातून तो उठला, पण १० जून २०२१ ला ४२ व्या वर्षी गेला. त्याच्यासाठी सहकारी बॉक्सरांनी आपसात वर्गणी काढली होती.

त्याच्याबद्दल लिहिताना ‘कर्करोगाशी झुंज हरला’ असे मथळे आले. आपण सगळेच असं बोलतो, बातमीत, शोकसभेत, व्हॉट्सअ‍ॅपवर. अमेरिकी लेखिका सूझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये, स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेल्यावर, आजाराभोवती विणल्या जाणाऱ्या अशा रूपकांवर पुस्तक लिहिलं होतं. त्यांचा आक्षेप खेळाच्या बाबतीत जास्तच लागू पडतो. आजार म्हणजे सामना असेल तर वाचणारा विजेता आणि मरणारा पराभूत. पण गाठ कुठल्या प्रकारची, किती पसरलेली, औषधाला दाद देणारी की नाही, हे जिद्दीवर ठरत नाही. टेरी फॉक्सपेक्षा जास्त जिद्द कुणाकडे असणार? काही रुग्णांना ‘लढा’ हा शब्द बळ देतो. त्यांनी तो जरूर वापरावा. चाहत्यांनी मात्र तो दुसऱ्यावर लादू नये. ‘तू योद्धा आहेस’ असं सतत ऐकणाऱ्या पोराला ‘आज मला भीती वाटते’ असं म्हणायची सोय राहत नाही.

अंशुमन गायकवाड वयाने तरुण नव्हते, पण त्यांची आठवण इथे काढायला हवी. वडोदऱ्याच्या मराठी घरातला हा फलंदाज भारताकडून ४० कसोटी खेळला. रक्ताच्या कर्करोगावर लंडनमध्ये उपचार घेताना पैसा कमी पडू लागला, तेव्हा कपिल देवने आपलं निवृत्तिवेतन देऊ केलं आणि जाहीर आवाहन केलं. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाने एक कोटी रुपये दिले. ३१ जुलैला गायकवाड गेले. कसोटीपटूसाठी आवाहन करावं लागत असेल, तर जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या पोराचं काय होत असेल?

गुडघा दुखतो तेव्हा

तरुण वयात होणारे कर्करोग मोठ्या वयातल्यांपेक्षा वेगळे असतात. रक्ताचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा लिम्फोमा, हाडाचा ऑस्टिओसार्कोमा, वृषणाचे आणि युवराजला झाले तसे जर्म सेल ट्यूमर. यातले बरेच वेळेत सापडले तर चांगली दाद देतात. अडचण सापडण्यातच आहे, आणि खेळाडूच्या बाबतीत ती दुप्पट होते, कारण त्याला दुखण्याची सवय असते.

हाडाची गाठ बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास, उंची वाढण्याच्या वयात होते. कबड्डीत पकड बसली, पाय मुरगळला, तेव्हापासून दुखतंय, असंच सगळे समजतात. मार लागल्याने कर्करोग होत नाही, मात्र मार लागल्यामुळे आधीपासूनच्या दुखण्याकडे लक्ष जातं. मग तेल, लेप, मालिश, हाडवैद्य असे आठवडे जातात. विश्रांती घेऊनही दुखणं न थांबणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, वाढत जाणारी टणक सूज, ही लक्षणं दिसली की मालिश थांबवून एक्स-रे काढायला हवा. मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ, हटत नाही असा ताप, घटणारं वजन, अचानक आलेला फिकटपणा, कारण नसताना उठणारे निळे डाग, वृषणात लागणारा कडकपणा, हे सांगायला पोरं लाजतात. ही यादी प्रत्येक क्रीडाशिक्षकाला, आखाड्यातल्या प्रत्येक वस्तादाला पाठ असावी. टेरी फॉक्सच्या काळी पाय कापणं हाच मुख्य उपाय होता. आज बहुतेक रुग्णांचा पाय वाचवून गाठ काढता येते, पण त्यासाठी वेळेवर पोचावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जातं. मुलं तीच आणि रोगही तोच. निदानाला लागलेला उशीर, अर्धवट सोडलेले उपचार आणि पैशाची चणचण यांतून ही दरी पडते.

जळगाव ते परळ

२०१२ हे वर्ष आपल्याला युवराजमुळे आठवतं. पण खान्देशासाठी त्या वर्षी आणखी काही घडलं, ज्याच्यासाठी कुणी फटाके फोडले नाहीत. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत धुळे होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती जळगावसह उरलेल्या जिल्ह्यांत आली. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन त्यात बसतात. २०१२ च्या त्याच जुलैत राज्यात गुटख्यावर बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. जळगावहून अजिंठ्यामार्गे आणि धुळ्याहून कन्नडचा घाट चढून तिथे काही तासांत पोचता येतं.

तरीही गंभीर आजारात खान्देशातली पावलं परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे वळतात. १९४१ पासून तिथे देशभरातून रुग्ण येतात. जळगावहून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीची गाडी, सकाळी दादर. उपचारांना जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि थ्री टियर वातानुकूलित डब्यात तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला त्यात ७५ टक्के सवलत मिळते. हे कित्येक घरांना ठाऊकच नसतं. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात गेलं की यांची चिठ्ठी मिळते. पण गावातून पहिल्यांदाच मुंबई पाहणाऱ्या बापाला तो विभाग कुठे आहे, इथपासून सुरुवात करावी लागते.

चाहत्यांचं खरं काम इथे सुरू होतं. आपल्याकडे गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते, बक्षिसांसाठी लाखांची वर्गणी निघते. जी मंडळं हे करू शकतात, त्यांना एका खेळाडूच्या उपचारांची बाजू सांभाळणं अशक्य नाही. योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळवणं, सवलतीचा दाखला, पहिल्या खेपेला सोबत जाणारा एक जाणता माणूस, घरच्या केळीला किंवा कपाशीला पाणी देणारे दोन हात, ही कामं वाटून घेता येतात. रक्ताच्या कर्करोगात प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणून एकाच दिवशी शंभर जणांनी रक्तदान करण्यापेक्षा पाळीपाळीने देणाऱ्या वीस जणांची यादी जास्त मोलाची. जळगावात रेड क्रॉस आणि गोळवलकर रक्तपेढीसारख्या जागा आहेत, तिथे आधी विचारून यादी तयार करता येते. दात्री या संस्थेकडे अस्थिमज्जादानासाठी गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देऊन नाव नोंदवता येतं. मदतीसाठी सामना भरवला तर मैदानात गुटख्याची पुडी फोडणाऱ्याला आधी बाहेर काढावं. बंदी येऊन इतकी वर्षं झाली, तरी ती कागदावरून मैदानात यायची आहे.

काय करू नये हेही तितकंच महत्त्वाचं. समाचाराला जायची आपली रीत प्रेमाची आहे. गाडी भरून माणसं जातात, फळांच्या पिशव्या, डोक्यावरून हात. पण केमोथेरपीत पांढऱ्या पेशी उतरतात आणि साधा सर्दी-खोकलाही जिवावर बेतू शकतो. तेव्हा खाटेभोवती गर्दी नको. केस गेलेल्या पोराचा फोटो त्याला न विचारता स्टेटसला नको. अमक्या पाल्याने, तमक्या काढ्याने गाठ विरघळते असे संदेश नकोत. असल्या सल्ल्यांपायी उपचार मध्येच सुटतात. आजाराची बातमी किती आणि कधी सांगायची हे त्या घराने ठरवावं. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून पोलीस भरतीचं स्वप्न पाहणाऱ्या मुलाचं घर बातमी लपवत असेल, तर त्यामागे भीती असते. त्या भीतीचा मान ठेवावा. उपचारांपूर्वी शुक्राणू साठवून ठेवायची सोय असते, हे त्या घरात जबाबदार माणसाने डॉक्टरांना नि:संकोच विचारावं. तरुण मुलाच्या पुढच्या आयुष्याचा तो प्रश्न आहे.

घरातला लहान चाहता

भिंतीवर पोस्टर लावणारी मुलं बातमी आपल्याआधी ऐकतात आणि गप्प होतात. त्यांना ‘काही नाही होत’ असं म्हणून फसवू नये. आजाराचं नाव सांगावं, तो शिवल्याने होत नाही हे सांगावं, डॉक्टर काय करत आहेत ते कळेल अशा शब्दांत सांगावं. ‘तो मरेल का?’ असं विचारलं तर ‘ठाऊक नाही, पण उपचार चांगले आहेत’ हे खरं उत्तर पुरेसं आहे. मुलाला काहीतरी करायला द्यावं, एक पत्र, एक चित्र. उत्तर येईलच असं नाही, हेही सोबत सांगावं. असं करताना मूल फार मोठी गोष्ट शिकतं. माणूस खेळत नसतानाही आपला असतो.

अकराव्या महिन्यातला फोन

रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिल्या महिन्यात फोन थांबत नाहीत. सहाव्या महिन्यात ते कमी होतात. अकराव्या महिन्यात, परळच्या एखाद्या धर्मशाळेत, आईच्या हातातल्या मोबाइलवर फारसं कुणी येत नाही. नव्या मोसमात संघाला नवा चढाईपटू मिळालेला असतो. पेत्रोव्हच्या चाहत्यांचं १९ वं मिनिट मला म्हणूनच मोठं वाटतं. ते लोक अकराव्या महिन्यातही उभे होते.

वानखेडेवरची ती रात्र पुन्हा आठवते. शेवटचा चेंडू युवराजला खेळायचा नव्हता. तो दुसऱ्या टोकाला होता, बॅट घट्ट धरून, हाक आली तर धावायच्या तयारीत. आजारी खेळाडूसमोर आपली जागा तीच. सुई त्याला टोचते, उलट्या त्याला होतात, रात्र त्याला काढावी लागते. त्याचा एकही चेंडू आपल्याला खेळता येत नाही. पण टोक सोडून जायचं नाही, आणि हाक आली की धावायचं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. अकराव्या महिन्यातल्या कुठल्याशा संध्याकाळी फोन लावून सामन्याचं, निकालाचं, परत कधी येणार याचं काहीही न विचारता, आपल्या अहिराणीत एवढंच म्हणायचं: ‘कसा शे भाऊ?’ आणि तो बोलेल तेवढं ऐकून घ्यायचं.